तळहातावरचा फोकस

कवठे येमाई,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

पाकीट फोडल्या फोडल्या तू आधी फोटो बघितले असणार आणि पत्र आता वाचत असणार. तुझी खोड मला माहीत आहे. फोटो मोबाईलवर न टाकता कागदावर पाठवतोय, कारण मोबाईलवर टाकलेलं दहा जणांकडे जातं आणि तुझ्या सासूबाईंना त्या एवढ्याशा स्क्रीनवर धड दिसायचंही नाही. शिवाय मी हॉस्टेलला होतो तेव्हा तू दर महिन्याला पत्र लिहायचीस, आणि मी एकाचंही नीट उत्तर दिलं नाही. चुलत बहिणीला पत्र लिहायला एकोणतिसावं वर्ष उजाडावं लागलं, असं म्हण.

तर तुझं काम झालं. तू फोनवर म्हणालीस, सासूबाईंचा, म्हणजे विठाबाई मावशींचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे त्या धाकट्या जयसिंग दाजींसाठी मुलगी बघायला जाऊ शकल्या नाहीत. बायोडाटातला फोटो स्टुडिओतला, त्यात सगळ्याच मुली सारख्या दिसतात. तेव्हा शिरूरच्या लग्नाला ती ऋतिका आली तर तिला न कळता, असते तशी टिपून दे. टिपली.

तुला माझा धंदा अजून कळलेला नाही. रांजणगावची कंपनी सोडल्यापासून सगळ्यांना वाटतं, गोकुळ लग्नातला फोटोग्राफर झाला. तसं नाही. माझा फोटो-बूथ आहे: लॉनच्या एका कोपऱ्यात मी फुलांची भिंत उभी करतो, तिच्यापुढे बाक. समोर स्टँडवर कॅमेरा, त्याला केबल, आणि केबलचं दुसरं टोक पडद्याआड माझ्या लॅपटॉपला. कॅमेऱ्याला दिसतं ते मला आत बसून दिसतं. बटण, उजेड, फोकस, सगळं लॅपटॉपवरून. लोक बाकावर बसतात, स्क्रीनवर तीन-दोन-एक येतं, हसतात, अर्ध्या मिनिटात हातात फोटो. आबांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "मागं मानूस न्हाई आन् फोटू निघतोय. मला न्हाई बसायचं त्येच्याम्होरं." अजून बसलेले नाहीत.

पण त्यातच खरी गंमत आहे. समोर फोटोग्राफर असला की माणसं पोट आत घेतात, पदर सारखा करतात. नुसता कॅमेरा असला की विसरतात.

पहिला फोटो ती मैत्रिणींबरोबर बसली तेव्हाचा. दुसरा नीट बघ. पंगत बसली, डीजे सुरू झाला, तेव्हा ती एकटीच बाकावर येऊन टेकली. तिच्या तळहातावर काय आहे ते दिसलं ना? कानाचं मशीन आहे. केस मोकळे सोडतात त्याचं कारण असतं, ताई. बायोडाटात हे लिहिलं होतं का?

लग्न हिच्याशी ठरो नाहीतर दुसरीशी, बूथ माझाच लागणार. तारीख आधी सांग.

तुझा,
गोकुळ


भांडगाव,
४ मार्च २०२५

चि. गोकुळ, आशीर्वाद.

पाकीट मिळालं. फोटो सासूबाईंनी बघितले. तू कष्ट घेतलेस.

इकडं शेवंतीची तोडणी चालू आहे, बायका मिळत नाहीत, त्यामुळे जास्त लिहायला बसता येत नाही. तारखेचं विचारलंस. आमच्यासाठी कुठली तारीख अडवून ठेवू नकोस, दुसरं काम आलं तर घे.

तुझ्या लॅपटॉपमध्ये ते फोटो असतील तर पुसून टाक. आबांच्या तब्येतीला जप.

सुलक्षणा


कवठे येमाई,
१६ मार्च २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र दोन मिनिटांत वाचून झालं आणि आठ दिवस डोक्यात राहिलं. मला लहान समजू नकोस. दौंडचा एक बूथवाला आहे, गोल फिरणारा कॅमेरा आणलाय त्याने, माणूस मध्ये उभा आणि कॅमेरा भोवती. त्याला सांगितलं असणार तुम्ही. सांगा. पण घरचा माणूस असताना बाहेरचा आणताय, तर निदान तोंडावर सांगायचं होतं.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? तुमच्या घराला मी केवढ्या फसवणुकीतून वाचवलं, त्याबद्दल एक शब्द नाही. "कष्ट घेतलेस" म्हणे. मशीनचा फोटो मी टिपला नसता तर साखरपुडा झाल्यावर कळलं असतं, आणि मग मावशी सगळं तुझ्यावर ढकलून मोकळ्या झाल्या असत्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

फोटो पुसले आहेत. तेवढी अक्कल आहे मला.

गोकुळ


भांडगाव,
२९ मार्च २०२५

गोकुळ,

दौंडचा कुणी बूथवाला नाही. लग्नच नाही. तुला सांगायचं नव्हतं, म्हणून मागचं पत्र तसं लिहिलं. पण तू स्वतःची पाठ थोपटत बसला आहेस, आणि ते मला बघवत नाही.

फोटो आले त्या दिवशी सासूबाईंना भेटायला शेजारच्या बायका आल्या होत्या. सासूबाईंनी दुसरा फोटो मांडीवरच ठेवला. एकीने मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला. मी चहा टाकायला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भावकीच्या ग्रुपवर होता, खाली लिहिलेलं, "मुलगी बहिरी, लपवून देत होते." संध्याकाळपर्यंत तो शिरूरला तिच्या घरी पोचला. तू कागदावर पाठवलास म्हणून तो कागदावर राहिला नाही.

जयसिंगभावजी मळ्यातून आले आणि सगळ्यांसमोर आईंना म्हणाले, "मला ठावं हाय. पयल्याच दिशी तिनं मशीन काडून पोह्यांच्या डिशीपाशी ठिवलं. म्हन्ली, आधी हे बघा, मग माज्याकडं बघा. तुमचा पाय सुटला की मी सांगनारच व्हतो."

कळलं का तुला? तिने लपवलंच नव्हतं. पहिल्या भेटीत, भावजींबरोबर पाच मिनिटं एकटी बसली तेव्हा, तिने सगळ्यात आधी तेच सांगितलं. भावजींना आवडली होती ती. त्या दिवशी घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते असं हे सांगतात. भावजी आणि गाणं, तूच विचार कर.

तिच्या वडिलांचा फोन आला. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरीच्या कानाचं आमी सांगितलं व्हतं. तुमी पोरीचा चोरून फोटू काडला, ह्ये कुनी सांगितलं न्हाई. आमची पोरगी आमाला जड न्हाई." आणि ठेवला.

भावजी आईंशी बोलत नाहीत. डबा मळ्यात मागवतात.

मी सगळ्यांना सांगितलंय की बूथचा कॅमेरा आपोआप फोटो काढतो, गोकुळला माहीतही नव्हतं, आलेले फोटो त्याने नुसते पाकिटात घातले. तुला वाचवलं की मला, ते माझं मलाच ठरवता येत नाही. पण हेच धरून राहा.

सुलक्षणा


कवठे येमाई,
५ एप्रिल २०२५

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिक्रापूरला जायला गाडी भरत होतो. वाचलं आणि गाडी रिकामी केली. पार्टीला सांगितलं, कॅमेरा बिघडला.

मी लिहिलेलं ते पत्र आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. "फसवणुकीतून वाचवलं" असं लिहिलं होतं ना मी? ते फाडून टाक. नको, ठेव, कधी माझी मिजास वाढली तर दाखवायला.

आता आपोआपचं सांगतो. ताई, त्यात आपोआप काही नव्हतं.

बूथचा कॅमेरा चेहरा शोधतो. समोर माणूस आला की फोकस आपण न सांगता चेहऱ्यावर जातो. ती बाकावर बसली तेव्हाही स्क्रीनवरचा हिरवा चौकोन तिच्या चेहऱ्यावर होता. मग तिने केस मागे केले, कानातून मशीन काढलं आणि तळहातावर ठेवलं. मी काय केलं सांगू? चेहऱ्याचं ते बंद केलं आणि बाणाचं बटण दाबत दाबत चौकोन खाली आणला. कपाळावरून हनुवटीवर, तिथून पदरावर, पदरावरून तळहातावर. आठ-दहा वेळा दाबावं लागलं. प्रत्येक वेळी थांबता आलं असतं. त्या फोटोत तिचा चेहरा धूसर आहे आणि मशीन लख्ख आहे, ते म्हणूनच.

तू "असते तशी टिप" म्हणाली होतीस. तू मशीन टिप म्हणाली नव्हतीस. ते माझं डोकं.

मला तिला लिहायचं आहे. बायोडाटावरचा पत्ता पाठव.

गोकुळ


भांडगाव,
१२ एप्रिल २०२५

गोकुळ,

लिहू नकोस.

तू खरं लिहिलंस की पहिला प्रश्न हाच येईल की तुला कुणी सांगितलं. आणि मग मी. तुझं बरं आहे, तू कवठ्याला. मला ह्याच घरात, ह्याच चुलीपुढे उभं राहायचं आहे. भावजी मला आईसारखं मानतात. परवा मळ्यात डबा द्यायला गेले तर म्हणाले, "वयनी, ह्या घरात तुमीच एक हायसा जिनं आसलं काय केलं नसतं." मी डबा ठेवला आणि परत आले.

सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी तुला फोन केला हे खरं, पण त्यांनी नुसतं सांगितलं होतं. मला हौस होती. येणारी जाऊ कशी आहे, माझ्यापेक्षा शिकलेली, कंपनीत कामाला, पगार आणणारी, तिच्यात काही कमी सापडतं का, हे मलाही बघायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते.

पत्ता पाठवत नाही. एवढं ऐक माझं.

ताई


कवठे येमाई,
३० एप्रिल २०२५

ऋतिका यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता मी शिरूरच्या लग्नातल्या नवरीच्या घरून मिळवला, फोटोंचं पाकीट पाठवायचं आहे असं सांगून. म्हणजे हे पत्रही खोट्यानेच सुरू झालं. क्षमा मागायला बसलोय आणि हात असे.

तुमचा जो फोटो सगळीकडे फिरला तो मी काढला. कॅमेऱ्याने आपोआप काढला असं तुमच्या घरी सांगितलं गेलं असेल, ते खरं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच काढला. भांडगावच्या घरात माझी बहीण आहे, म्हणून मला आगाऊपणा सुचला. तिचा ह्यात काही संबंध नाही.

फोकस तुमच्या चेहऱ्यावर होता, तो मी लॅपटॉपवरून तळहातावर आणला. फ्लॅशचा उजेड पडला तर तुम्ही बघाल म्हणून फ्लॅश बंद केला. इथपर्यंत बहिणीलाही कमीअधिक माहीत आहे. पुढचं तिलाही माहीत नाही.

हा कॅमेरा फोटो काढताना खट् आवाज करतो. डीजे असला तरी दोन हातांवर बसलेल्या माणसाला तो ऐकू जाण्यासारखा आहे, म्हणून मी बटणावर बोट ठेवून थांबलो होतो. तुम्ही मशीन काढून तळहातावर ठेवलंत आणि डोळे मिटलेत. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, आता हिला ऐकू येणार नाही. आणि मी दाबलं. एकदा नाही, सहा वेळा. सहातला बरा निवडून पाठवला.

त्या दिवशी मला ह्याची लाज वाटली नाही. हुशारी वाटली. संध्याकाळी आबांना म्हणजे वडिलांना सांगितलंसुद्धा, कशी युक्ती केली ते. आबा जेवत होते. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हात धुतले आणि म्हणाले, "आंधळ्याच्या ताटातली भाकर उचलल्यावानी झालं ह्ये." मी म्हटलं, तुम्हाला यातलं कळत नाही. दोन महिन्यांनी मला कळलं.

सगळे फोटो पुसले आहेत, पण जे मोबाईलवर फिरले ते मला पुसता येत नाहीत. तुमचं लग्न माझ्यामुळे मोडलं. ते जोडायची माझी लायकी नाही. तुमच्या वडिलांनी बोलावलं तर येईन, चारचौघांत उभं करून विचारलं तरी येईन.

उत्तराची अपेक्षा नाही.

गोकुळ हौशीराम


शिरूर,
११ मे २०२५

गोकुळ यांस,

तुम्ही कागदावर लिहिलंत म्हणून मीही कागदावर लिहिते. हे पत्र कुणाला दाखवू नका. त्याचा फोटोही काढू नका.

कॅमेऱ्याने आपोआप काढला, ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून मानली नव्हती. मी कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर कॅमेऱ्याखाली पार्ट ठेवायचा आणि स्क्रीनवर ओरखडा शोधायचा, हेच काम. माझा चेहरा समोर असताना फोकस हातावर असेल, तर तो कुणीतरी तिथं नेला आहे, हे मला फोटो बघताच कळलं. मीही तसाच नेते. फक्त माझ्यासमोर लोखंड असतं. दोन महिने मी वाट बघत होते, की हे कुणी सांगतं का.

तुम्ही लिहिलंत, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्राच्या चार दिवस आधी तुमच्या बहीण इथं येऊन गेल्या. भांडगावहून दोन एसट्या बदलून, एकट्या, भर उन्हात. घरी माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं. पाणीसुद्धा घेईनात. म्हणाल्या, "माझ्या भावानं मी सांगितलं म्हनून काडला. त्याला नुस्ता चेहराच काडायचा व्हता. हाताचा काड, ह्ये मी म्हन्ले." मी ऐकून घेतलं.

मग तुमचं पत्र आलं. दोघंही एकमेकांसाठी खोटं बोललात. मला राग येत होता, आणि तरी ते पत्र मी दोनदा वाचलं. हाताचं कुणी केलं ते मला तुमच्याकडून कळलं. त्यांना मी हे सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. त्यांना वाटू दे की त्यांनी तुम्हाला वाचवलं. इथून परत गेल्यावर त्यांनी घरी सगळ्यांसमोर स्वतःचं नाव घेतलं, हे मला जयसिंगरावांनी सांगितलं. ते दोन दिवस वहिनींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी घरात जेवायला आले.

जयसिंगराव आज दुपारी त्यांच्या आईंना घेऊन येणार आहेत. आईंचा पाय सुटलाय. बाबा नको म्हणत होते, मी म्हटलं येऊ देत. पोह्यांच्या डिशीशेजारी मशीन काढून ठेवणार आहे. त्यांना काय बघायचं ते समोर बसून बघू देत. मग हो म्हणायचं की नाही ते मी ठरवीन. आज तरी माहीत नाही.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण केलेलं नाही. तुम्ही "सहा वेळा" असं लिहिलंत. पाच लिहिलं असतंत तरी मला कळलं नसतं, हे लक्षात आलं माझ्या.

एकच सांगते. गोंगाटात मशीन फार टोचतं. डीजेचा आवाज त्यातून दुप्पट होऊन डोक्यात शिरतो. म्हणून लग्नात मी एखादा कोपरा शोधते, जिथं माणूस नसेल. माणसांसमोर मी मशीन काढत नाही, लहानपणापासून नाही; जयसिंगरावांसमोर काढलं ते एकदाच, स्वतः ठरवून. त्या दिवशी सगळ्या लॉनवर तुमचा बाकच तेवढा रिकामा दिसला. समोर नुसता कॅमेरा होता. मला वाटलं, इथं कुणी नाही.

आता कंपनीत जेवणाच्या सुट्टीतसुद्धा काढत नाही. कान दुखतो. संध्याकाळी घरी आले, दार लावलं, की मग काढते. त्याआधी खोलीत एकदा सगळीकडे बघून घेते.

ऋतिका